न फुगलेला शब्द

रॉसेंडेलच्या खोऱ्यात, बेकप गावी,
थ्रॉसल गल्लीच्या टोकाला
विनिफ्रेड अ‍ॅशवर्थची बेकरी होती.
तिथे पहाटे मी यीस्ट पोचवायचो,
कागदात गुंडाळलेलं, ओलसर, आंबूस.
वय अकरा. शिवाय तोतरा.

एखादा पाव फुगला नाही
की ती तो तळहातावर तोलायची
आणि म्हणायची, 'हा सॅड झाला.'
मला वाटे, रात्रीतून पावालाही काहीबाही घडलं असणार.
एकदा मी त्याला हळूच कुरवाळलं.
तिने पाहिलं. हसली नाही.
अर्धा कापून दिला,
वर लोणी.

मुद्दाम सॅड केलेला केकही असे तिच्याकडे:
चरबी चोळून मळलेला, पोळीसारखा लाटलेला,
मनुका टोचलेला, फुगायची मुभाच नसलेला.
गिरणीतले लोक डब्यात न्यायचे.
'दोन सॅड दे गं विनी,'
आणि काउंटरवर थाप मारून हसायचे.
तिच्या भावाची इस्त्रीसुद्धा सॅड:
पोकळ नव्हे, आरपार लोखंड;
कॉलरवर टेकवली
की कॉलर मुकाट.

मग युद्धानंतर ऊटे आली, कासेलहून,
क्लिफर्ड पिलिंगची बायको होऊन.
पहिल्याच रविवारी विनिफ्रेडने जेवायला बोलावलं.
मी कोपऱ्यातल्या स्टुलावर होतो, ताटली मांडीवर.
बटाटे दुसऱ्यांदा आले, तशी ऊटेने
पोटावर हात ठेवून म्हटलं, 'मी सट्.'

टेबल गप्प.
तिच्या गावात काय उरलंय, काय नाही,
हे तोवर कुणी विचारलं नव्हतं.
विचारायचं कसं, तेही ठाऊक नव्हतं.
विनिफ्रेड उठली, तिच्या खुर्चीमागे उभी राहिली,
खांद्यावर पिठाचा हात.
ऊटेला कळेना:
माझं पोट भरलं म्हटल्यावर
या बाईचे डोळे का भरले?

मला हे कळायला वीस वर्षं गेली.
बर्नलीच्या वाचनालयात, पावसाची सुट्टी म्हणून,
जाड कोशाचं पान उलटलं
तर सॅडच्या तळाशी ऊटेच बसलेली, पोटावर हात ठेवून.
जुना अर्थ: जेवून तृप्त.
मग पुरे झालेला, विटलेला.
मग जड.
मग पक्का, जागचा न हलणारा, भरवशाचा;
एके काळी माणसाला सॅड म्हणणं
ही शाबासकी होती म्हणे.
मग गडद रंग, गंभीर चेहरे,
आणि यांच्याच गर्दीत कुठेतरी
दुःख.
जेवून निघालेला शब्द
रडत पोचला.
वाटेत कुणी मारलं नव्हतं त्याला.
नुसता जड होत गेला.

(माझा भाचा डेरेक हल्ली मला सॅड म्हणतो.
कोश वाचत बसणारा माणूस, अजून काय म्हणणार?
मी त्याला शाबासकीचा अर्थ सांगितला.
तो म्हणाला, 'बघ, हेच ते.')

विनिफ्रेड गेली ती मार्चमध्ये.
दफनानंतर सगळे बेकरीत जमले.
भट्टी ऊटेने पेटवली होती,
चरबी, मनुका, लाटणं, सगळं बाईच्याच जागेवरचं.
काही केक एका कडेला फुगले होते;
ती प्रत्येकावर उलथनं दाबत
जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटत होती.
मी पहिला खाल्ला. दुसरा खाल्ला.
तिसरा घेऊन ती समोर आली,
आणि मला एवढंच सांगायचं होतं, एकच शब्द,
तिचाही, बाईचाही,
पण जीभ नेहमीसारखी अडली,
स... स... स...

ऊटेने क्षणभर वाट पाहिली.
मग केक ताटलीत ठेवला,
वर लोणी.